अठरा नखं

"मग याला आता सोडणार कधी?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तो ऐकू येतो. त्यांचंही चुकत नाही. पेपरात फोटो आलेला असतो. विहिरीत पडलेला बिबट्या, दोर बांधून खाली सोडलेला पिंजरा, कठड्याभोवती हजारभर माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाइल. पिंजरा वर आला की टाळ्या आणि शिट्ट्या. 'बिबट्याला सुखरूप बाहेर काढून निवारा केंद्रात हलवण्यात आले,' इथं बातमी संपते. पुढचं कुणी छापत नाही, कारण पुढे छापण्यासारखं काही घडतच नाही. रोज सकाळी सातला एक माणूस रबरी पाइप घेऊन येतो आणि पिंजरा धुतो, एवढंच. ती नोकरी मी केली. रोजंदारीवर लागलो, पुढे कायम झालो आणि आता निवृत्तीला आलोय.

केंद्राचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक गाडी काढून येतात, "लांबून आलोय, एकदा दाखवा की" म्हणतात, आणि नाही म्हटलं की साहेबांना फोन जातात. निवारा केंद्रातली जनावरं दाखवायची नसतात. त्यांची पिल्लावळही वाढू द्यायची नसते, म्हणून नर-मादी वेगळे. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचा तसा दंडक आहे आणि माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर आहे. पायाने अधू किंवा डोळ्याने गेलेलं जनावर शाळेच्या सहलीपुढे उभं करून काय मिळवायचं?

आमचा भाग जुन्नरचा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, तिकडे डिंभे, अशी धरणांची रांग. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला, असं म्हणायची पद्धत पडली आहे. बिबट्या आधीही होता. वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा कुणी हौसेने बसवलेला नाही. पण आडसाली ऊस शेतात सोळा-सतरा महिने उभा राहतो. आत माणूस फिरकत नाही, पाट जवळ, वस्तीवर कुत्री. पिल्लं घालायला मादीला याहून बरी जागा कुठली? उसातच जन्मलेल्या आणि उसातच व्यालेल्या माद्यांच्या कितीतरी पिढ्या आता होऊन गेल्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. 'जंगल तुटलं म्हणून बिचारा गावात आला' हे शहरातलं वाक्य आमच्याकडे फारसं लागू पडत नाही. तो गावातलाच आहे.

म्हणूनच त्याला 'जंगलात नेऊन सोडा' हेही लागू पडत नाही. आधी तेच करायचे. 2001 ते 2003 या काळात आमच्या भागातून बिबटे धरायचे आणि डोंगराकडच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा धडाकाच लावला होता. त्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे; ते सतरावर गेले. नुसते वाढले नाहीत, त्यांतल्या जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. अत्रेय यांनी 2011 मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात हे आकडे मांडले आणि त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नका आणि धरलाच तर लांब नेऊन सोडू नका.

कारण साधं आहे. पिंजऱ्यात डोकं आपटून रक्तबंबाळ झालेलं, दात मोडलेलं, माणसांचा गोंगाट कानात भरलेलं जनावर तुम्ही अनोळखी मुलखात उतरवता. तिथं आधीच दुसऱ्या बिबट्याचा अंमल असतो. मग ते घराकडे निघतं आणि वाट गावांतूनच जाते. आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, 2014 मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून गळ्यात पट्टा घातलेला तो नर माळशेजला सोडला, तर महामार्ग, रेल्वे आणि खाडी ओलांडून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कुणालाही हात लावला नाही. तो शहाणा म्हातारा होता. सगळेच तसे असतील या भरवशावर कुठला अधिकारी सही करणार?

तर ज्यांना सोडता येत नाही ते आमच्याकडे राहतात. मरेपर्यंत.

रानातल्या बिबट्याला बारा-तेरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. आमच्याकडे वेळेवर मांस, लसी, जंताचं औषध, गाठीला डॉक्टर. त्यामुळे अठरा-वीस वर्षं सहज निघतात. सुटकेला एक रात्र लागते आणि पुढे हे. त्या रात्रीचं वर्णन करायला सगळे असतात.

आमचं काम दारापासून सुरू होतं. प्रत्येक पिंजऱ्याला आतली खोली आणि बाहेरचं मोकळं अंगण, मध्ये वरून ओढायचं लोखंडी दार. जनावर एका बाजूला घेतल्याशिवाय दुसरी बाजू धुवायची नाही. दोन माणसं लागतात. एक दोर ओढतो, दुसरा बघतो आणि मोठ्यांदा बोलतो: "जनावर आत. दार खाली. कडी बसली. कुलूप." समोर दिसत असलं तरी बोलायचंच. नवी पोरं हसतात, रोज तेच तेच काय बोलायचं म्हणतात. मी म्हणतो, ज्या दिवशी बोलायचं राहिलं त्या दिवशी घरी जायचं, कामाला हात लावायचा नाही. पिंजऱ्यात माणूस जखमी होतो तो बिबट्याच्या हुशारीमुळे क्वचितच. कडी बसली असं समजून चालल्यामुळे होतो.

मग पोटॅशच्या लाल पाण्यात गमबूट बुडवून आत. पहिलं काम विष्ठा बघणं. पांढरट, खडूसारखी असेल तर हाडं पचली, ठीक. काळी डांबरासारखी असेल तर आतून रक्त जातंय, डॉक्टरांना फोन. पातळ असेल तर कालचं मांस कुठून आलं ते विचारायचं. त्यानंतर उरलेलं मांस वजन करून वहीत. कुणी किती टाकलं, कुठल्या कोपऱ्यात टाकलं, तोंड लावून टाकलं की वास घेऊन सोडलं. बिबट्या आजार लपवतो. रानात ज्याचं दुखणं दिसलं तो संपला, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. त्यामुळे दुखणं आम्हाला जनावराकडे बघून कळत नाही, वहीतून कळतं. गेल्या काही वर्षांत केंद्रात कॅमेरे आले, संगणक आला, पण डॉक्टर आल्याबरोबर आधी ती चिकट वहीच मागतात.

मांस दुपारी येतं. म्हशीचं, हाडासकट, मोठ्या जनावराला साडेतीन-चार किलो, मधून कोंबडी. सोमवारी उपास. रानात काही रोज शिकार मिळत नाही, आणि पिंजऱ्यातलं जनावर सुस्तावून वजन वाढवतं, म्हणून तो लंघनाचा दिवस. हाड हवंच. नुसत्या लुसलुशीत मांसावर वाढवलेलं पिल्लू दिसायला गुबगुबीत होतं आणि एके दिवशी उडी मारताना त्याची मांडी मोडते, कारण हाडांत चुना मुरलेलाच नसतो.

असं एक आमच्याकडे आहे. कुणा भल्या माणसाला उसात पिल्लू सापडलं. वनखात्याला कळवायचं सोडून त्याने ते घरी नेलं, दोन महिने गाईच्या दुधावर ठेवलं, पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. आमच्याकडे आलं तेव्हा मागचे पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि पोट हगवणीने खपाटीला गेलेलं. पाय उपचाराने निम्मे सरळ झाले. खरं नुकसान दुसरं झालंय. तो आता पाच वर्षांचा पूर्ण वाढलेला नर आहे आणि माणूस दिसला की जाळीशी येऊन गाल घासतो. पाहणी करायला आलेल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, "किती प्रेम लावतो हो!" म्हणाल्या. मला ते बघवत नाही. बाहेर असता तर हाच गाल घासायला तो कुणाच्या तरी ओसरीवर गेला असता आणि पुढे काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातली मादी मला बघून फिसकारते, कान पाडते, पंजा मारते. तिचं बरं चाललंय असं मी समजतो.

भागीसुद्धा तशीच होती. वहीत तिला नंबर होता, नाव आमचं. नावं ठेवू नयेत असं वरचे लोक सांगतात. त्यांना रोज दार ओढताना ओरडावं लागत नाही.

भागी आली तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल. बांधावर रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत तिचा उजवा पुढचा पाय अडकला होता. फासकी म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची तार, दुसरं काही नाही. कुठल्याही गॅरेजबाहेर पडलेली मिळते. जनावर ओढत जातं तशी ती आवळत जाते. रात्रभर ओढलं असावं, कारण सकाळी तार हाडापर्यंत गेलेली होती आणि भोवतीची तूर मुळासकट उपटली होती. डॉक्टरांनी चार दिवस पंजा वाचवायचा प्रयत्न केला. बोटं गार पडत गेली, वास यायला लागला, मग पाय खांद्याजवळून काढला.

तीन पायांवर बिबट्या चालतो, पळतोही. महिन्याभरात ती मचाणावर चढायला लागली. आधी हनुवटी टेकवायची, मग डावा पंजा, मग मागच्या पायांनी रेटा. बघणारा म्हणणार, ही तर धडधाकट आहे, सोडा की. पण बिबट्या पुढच्या दोन पायांनी धरतो आणि मग गळा घेतो. एका पंजाने हरीण धरता येत नाही, डुकराचं तर नावच नको. एका पंजाने जे धरता येतं ते म्हणजे बांधलेलं करडू, साखळीचं कुत्रं आणि अंगणात खेळणारं मूल. ती बाहेर गेली असती तर नाइलाजाने तिकडेच वळली असती. हे कागदावर मांडून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातं, आणि तिथून आजन्म ठेवण्याचा निर्णय होऊन येतो.

पहिली तीन-चार वर्षं रोज सकाळी ती माझ्यावर जाळीपर्यंत झेप घ्यायची. तीन पायांवर घेतलेली झेप तिरकी यायची, खांदा लोखंडावर आदळायचा आणि सगळा पिंजरा झणझणायचा. मग हळूहळू झेप कमी झाली, गुरगुर राहिली. स्क्वीझमध्ये यायला तिला शिकवलं ते त्यानंतर. स्क्वीझ म्हणजे अरुंद पिंजरा, त्याची एक भिंत सरकते आणि जनावर हलू शकणार नाही इतकी जवळ आणता येते. इंजेक्शन द्यायला, जखम बघायला हे लागतं. जबरदस्तीने घातलं तर जनावर पुढच्या वेळी जवळही येत नाही, मग दर खेपेला भुलीचं इंजेक्शन नळीतून फुंकून मारावं लागतं, आणि म्हातारपणी भूल म्हणजे जुगार. त्यामुळे स्क्वीझमध्येच रोज कलेजीचा तुकडा ठेवायचा. भिंत हलवायची नाही. पंधरवड्याने बोटभर हलवायची. पुन्हा पंधरवडा थांबायचं. शेवटी शेवटी भागी आपण होऊन आत यायची, जाळीला पाठ लावून बसायची आणि खालच्या फटीतून शेपटी बाहेर यायची. डॉक्टर शेपटीच्या शिरेतून रक्त घ्यायचे, मी पुढच्या बाजूने चिमट्याने मांसाचे तुकडे देत राहायचो आणि ती तुकडे गिळता गिळता माझ्याकडे बघून गुरगुरत असायची. दोन्ही कामं एकाच वेळी. मला त्यात काही कमी वाटलं नाही. तिने सहन केलं, तेवढं पुरे होतं.

उन्हाळा हा सगळ्यांत वाईट. ओली गोणपाटं, फवारे, गोठवलेल्या रक्ताच्या लाद्या चाटायला. पावसाळ्यात पायांची कातडी. त्यावर लिहीत बसत नाही, तो खात्याच्या अहवालाचा विषय आहे.

येरझाऱ्यांबद्दल मात्र लिहायला हवं. जाळीच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे, तासन् तास, ठरलेल्या जागी ठरलेला पाय. जमिनीवर वाट पडते. रानात मोठा होऊन आलेला नर हे जास्त करतो. त्याच्यासाठी आम्ही ओंडके बदलतो, पोत्यात पेंढा भरून आत मांस लपवतो, सांबराची लीद आणून टाकतो, कधी दालचिनीची पूड ओंडक्याला चोळतो. तो हुंगतो, लोळतो, एक दिवस बरा जातो. रात्री केंद्राच्या मागच्या डोंगरावरून एखादा रानचा बिबट्या ओरडतो, लाकडावर करवत ओढल्यासारखा तो आवाज, आणि आतले सगळे एकदम गप्प होतात. मग एकेक उत्तर द्यायला लागतो. मी रात्रपाळीला असलो की हे ऐकायचो. या पिंजऱ्यांनी त्यांचं भलं होतंय असं त्या वेळी म्हणणं मला जड जायचं. दुसरा मार्ग दाखवा म्हटलं तर तोही कुणाकडे नसतो. परदेशात अशा जनावराला इंजेक्शन देऊन मोकळं करतात, असं एकदा एका पाहुण्याने सांगितलं. भागीच्या मचाणाकडे बघून मला ते पटलं नाही. येरझाऱ्या घालणाऱ्या एका नराकडे बघून काही दिवस पटायचं.

तो नर एका गावातून आला होता. एका पावसाळ्यात फाटकाशी एक माणूस आला. पांढरी टोपी, हातात दुधाची रिकामी किटली. "आमच्या गावचा वाघ इथंच आहे ना?" त्याने गावाचं नाव घेतलं आणि मला उमगलं. वर्षापूर्वी तिथं संध्याकाळी अंगणातून मूल गेलं होतं. हा बाप. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. दाखवता येत नाही, असं सांगायला लागलो तर म्हणाला, "बघायचा नाही मला तो. खायला काय घालता त्याला?"

खोटं बोलावं असं वाटलं. "म्हशीचं मटण."

"किती?"

"साडेतीन-चार किलो."

"रोज?"

"सोमवार सोडून."

चहा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. उठताना म्हणाला, "सरकारचा चेक आला होता. बँकेत टाकलाय. अजून काढला नाही." किटली घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे गेला.

त्याला मी एक गोष्ट सांगितली नाही. आपल्याकडचा तो नर तोच आहे, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मूल गेलं की गाव पेटतं, रास्ता रोको होतो, त्या रात्रीच पाच-सहा ठिकाणी पिंजरे लागतात. आत शेळी किंवा कोंबडी. पिंजऱ्यात येतो तो त्या वाटेने जाणारा पहिला बिबट्या. तो कोण, हे पिंजऱ्याला कळत नाही. गावाला समाधान हवं असतं, ते मिळतं. बाहेर मोकळी झालेली जागा काही दिवसांत दुसरा बिबट्या येऊन धरतो, तो बहुधा तरुण आणि अननुभवी. आत आलेला दोषी असो वा नसो, त्याच्या नावापुढे 'माणसावर हल्ला' असं लागलं की तो बाहेर जात नाही.

गावावर मी रागवू शकत नाही. माझी बहीण शिरूर तालुक्यात नांदते. त्यांच्या पंपाला वीज रात्री येते, मग मेहुणे रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी धरायला जातात आणि ताई ते परत येईपर्यंत ओसरीवर बसून राहते. दिवसा वीज द्या, एवढंच मागणं आहे त्यांचं. हे बिबट्याचं काम नाही, वायरमनचं आहे, तरी माझ्या मते त्या भागातले अर्धे पिंजरे त्याने कमी होतील.

आमच्या केंद्राचं सगळ्यांत चांगलं काम केंद्राबाहेर होतं. गळीत हंगाम सुरू झाला, बीडकडच्या टोळ्या आल्या, कोयते चालू झाले, की फोन यायला लागतात: फडात पिल्लं सापडली. मांजराएवढी, कधी डोळेसुद्धा न उघडलेली. गावकऱ्यांचं म्हणणं, घेऊन जा. आणि घेऊन येणं आम्हाला किती सोपं! टोपलीत घालायची, गाडीत ठेवायची, फोटोही छान येतो. पण आणली की ती आयुष्यभर आणली. शिकार आई शिकवते, दीड-दोन वर्षं शिकवते. ते शिक्षण मांस तोलून देणारा माणूस देऊ शकत नाही.

म्हणून डॉक्टर पिल्लं तपासतात, शेपटीच्या मुळाशी तांदळाएवढी चिप टोचतात, आणि संध्याकाळी सापडली त्याच सरीत खोक्यात ठेवून आम्ही लांब गाडीत बसतो. त्याआधी गावाशी वाद घालावा लागतो. "परत इथंच? आमच्या शेतात?" मी सांगायचो, "दादा, पिल्लं नेली तर त्यांची आई आज रात्री तुमच्या वस्तीभोवती फिरत राहणार. बिथरलेली मादी हवी, की पिल्लं उचलून निघून गेलेली?" यावर बहुतेक वेळा एखादी म्हातारी बाई निकाल देते, "ठेवा रे, लेकरं हायेत तिची." आणि सगळे मागे सरतात. अंधार पडल्यावर मादी येते. आधी लांबून अंदाज घेते, खोक्याभोवती फिरते, झाकण पंजाने उलटवते, एका पिल्लाची मानगूट धरते आणि निघते. दुसरं न्यायला पुन्हा येते. कॅमेऱ्यात हे सगळं दिसतं, काळं-पांढरं, धूसर. कधी पहिल्या रात्री येत नाही. मग पिल्लं परत आणायची, शेक द्यायचा, दूध पाजायचं, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच सरीत. गाडीतल्या त्या थंडीत मी कुरकुरलोय, पण त्या थंडीपुढे पंधरा-अठरा वर्षांचा एक पिंजरा उभा असतो, हे कुणाला सांगावं लागत नाही.

भागी म्हातारी झाली ती एकदम. आधी सुळे झिजले, मग हाड टाकायला लागली. खिमा करून द्यायला लागलो. सगळा भार एकाच पुढच्या पायावर येऊन तो सांधा धरला, म्हणून मचाण आधी अर्ध्यावर आणलं, मग जमिनीपासून वीतभर. शेपटीच्या रक्तात मूत्रपिंडाचे आकडे चढत गेले. पाणी फार प्यायची. शेवटच्या हिवाळ्यात सकाळी दार ओढताना तिची गुरगुर यायची बंद झाली आणि मी डॉक्टरांना म्हटलं, आता फार नाही.

बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, त्यामुळे त्याचं मरण हे सरकारी काम असतं. डॉक्टरांनी शवविच्छेदन करायचं, अधिकारी हजर, पंच हजर, पंचनामा. कातडी, दात, मिशा, नखं सगळं जागच्या जागी आहे याची नोंद करायची आणि मग सगळ्यांसमोर पूर्ण जाळायचं, राख होईपर्यंत. नखं लॉकेटात जातात म्हणून ही काळजी. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, मिळून अठरा. नवीन आलेले साहेब कागद घेऊन भागीची नखं मोजत होते. तेरा भरली. त्यांनी पुन्हा मोजली. मग माझ्याकडे बघितलं. कपाटातून मी जुनी वही काढली, भागी आली त्या वर्षाची. 'उजवा पुढील पाय खांद्यापासून काढला, नखे 5 कमी,' त्याखाली त्या वेळच्या डॉक्टरांची सही आणि पंचाच्या जागी माझी. साहेबांनी वहीचा फोटो काढून पंचनाम्याला जोडला. सरण पेटलं दुपारी तीनला. शेवटच्या निखाऱ्यापर्यंत कुणीतरी थांबावं लागतं, मी थांबलो. घरी जायला नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी पिंजरा चुन्याने धुऊन महिनाभर रिकामा ठेवायचा होता. आठवड्यातच भरला, कारण हंगाम होता आणि जागा नव्हती.

त्यात आता एक मादी आहे, चार वर्षांची, रस्त्यावर गाडीने उडवलेली. डावा डोळा गेला, उजव्याने धूसर दिसतं. माझ्या जागी आलेला पोरगा हुशार आहे, बीएस्सी झालाय, मला मामा म्हणतो. परवा दार ओढताना विचारत होता, "मामा, ही किती वर्षं राहील हो?"

"पंधरा धर. तुझी पोरगी बालवाडीत ना?"

"मोठा गट."

"मग ही असेल तोवर ती कॉलेजातून बाहेर पडलेली असेल."

तो थोडा वेळ हिशेब करत राहिला. "म्हणजे शेवटची वही माझ्याच अक्षरात."

"नाहीतर तू बदली मागशील," मी म्हटलं. "ते जाऊ दे. हिला डावीकडचं दिसत नाही, मांस उजव्या बाजूला ठेवायचं आणि आत जायच्या आधी बोलत बोलत यायचं, दचकली की डोकं आपटते. या दाराची कडी अर्ध्यावर अडकते, वरून हाताने दाबायची. आणि पाइप नळाशी गळतोय, तो आज बांधून घे."